भंडारदऱ्याच्या काठी चाकांवरचं घर उभं राहील का?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतात. या उन्हाळ्यात त्यांनी भाड्याने एक मोठी गाडी घेतली. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं. ती गाडी तलावाकाठच्या ‘लडिंग्टन स्टेट पार्क’मध्ये लावून दोघं नातवंडांसह तिथेच राहिली. फोटो पाहून वाटलं, आपल्याकडे काय कमी आहे? भंडारदरा आहे, मुळा धरण तर राहुरीच्या पलीकडेच. दिवाळीत सगळे इकडे येणार आहेत. अशीच गाडी घेऊन धरणाच्या काठी राहता येईल का? येत नसेल तर का नाही?
– एक वाचक, देवळाली प्रवरा

उत्तर : येईल. पण अमेरिकेत मुलीला जे मिळालं, त्यातला महत्त्वाचा अर्धा भाग फोटोत दिसत नाही. फोटोत दिसते ती गाडी, आणि मुक्काम सुखाचा होतो तो गाडीखालच्या जागेमुळे.

हे राहुरी तालुक्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी दर वर्षी राहुरीवरून नगरकडे जाते. दिंडीच्या ट्रकमध्ये राहुट्या, पातेली, शिधा, गॅस असा सगळा संसार असतो. पण पालखीतळ ठरलेला नसेल, टँकर आला नसेल, शौचालयांची सोय नसेल, तर तो संसार उतरवणार कुठे? कॅराव्हॅनचं, म्हणजे अशा घरगाडीचंही तेच आहे. गाडी म्हणजे दिंडीचा ट्रक आणि स्टेट पार्क म्हणजे पालखीतळ. आपल्याकडे ट्रक मिळतो, तळ कमी आहेत.

मिशिगनने हे तळ एका दिवसात उभे केले नाहीत. राज्य उद्यानांसाठी तिथे 1919मध्ये आयोग नेमला गेला. लडिंग्टन उद्यान 1936 सालचं. एका बाजूला मिशिगन सरोवर, दुसऱ्या बाजूला हॅम्लिन तलाव अशी ती जागा आहे. गंमत म्हणजे हॅम्लिन हा निसर्गाने दिलेला तलावही नव्हे. लाकूडतोडीच्या जमान्यात बिग सेबल नदीवर बांध घातला, त्यातून तो झाला. म्हणजे तुमची नातवंडं ज्याच्या काठी खेळली, तेही एक धरणच. फरक धरणामागच्या पाण्यात नाही, काठावरच्या व्यवस्थेत आहे. तिथे गाड्यांसाठी आखून दिलेल्या जागा असतात, प्रत्येक जागेला क्रमांक असतो, विजेचा खांब असतो. पिण्याच्या पाण्याचे नळ असतात आणि गाडीतला मैला रिकामा करायला वेगळी जागा असते. आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि रात्री 10 नंतर शांतता पाळावी लागते. शेकोटीसुद्धा लोखंडी कड्यातच पेटवायची, वाटेल तिथे नाही.

मग भंडारदऱ्याला असा तळ का झाला नाही?

कारण तिथल्या किनाऱ्याला एक मालक नाही. लडिंग्टनमध्ये उद्यान एका खात्याच्या ताब्यात आहे. भंडारदऱ्याच्या काठावर तीन घरं नांदतात.

पहिलं घर जलसंपदा विभागाचं. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाचं काम 1910मध्ये सुरू झालं आणि 1926मध्ये ते पूर्ण झालं. साठवण सुमारे 11 टीएमसी. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर पोचतं, तिथवरची जमीन धरणासाठी संपादित झालेली असते. उन्हाळ्यात ती उघडी पडते, म्हणून ती मोकळी असते असं नाही. राज्यातल्या अनेक धरणांवर अशी जमीन गाळपेरीला, म्हणजे गाळात पीक घ्यायला दिली जाते.

दुसरं घर वन विभागाचं. तलावाभोवतीचे डोंगर आणि काठावरची कित्येक गावं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येतात. हे अभयारण्य 1986मध्ये जाहीर झालं. तिथे 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो आणि धोका होईल अशी आग पेटवणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा शेकोटीचा हौशी कार्यक्रम हा त्या हद्दीत नुसत्या हौसेचा विषय उरत नाही.

तिसरं घर गावकऱ्यांच्या खासगी जमिनीचं. शेंडी, मुरशेत, रतनवाडी या बाजूंना आज जे तंबू लागतात, त्यातले बरेच अशा खासगी रानांत असतात. मावळात पवना धरणाच्या काठीही तंबूंचा व्यवसाय असाच वाढला. जमीन शेतकऱ्याची, समोरचं पाणी सरकारचं आणि वरचं जंगल वन विभागाचं.

म्हणून गाडी लावण्याआधी विचारायचा प्रश्न ‘इथून तलाव दिसतो का?’ हा नसतो. ‘ही जागा कोणाची आणि परवानगी कोणाची?’ हा असतो. उत्तर मिळालं नाही तर तिथे रात्र काढू नये.

किनारा जागच्या जागी राहतो का?

नाही, आणि याला तुम्हीच जबाबदार आहात, म्हणजे तुमचा ऊस. प्रवरेचं पाणी भंडारदऱ्यातून खाली निळवंडे धरणात येतं, तिथून नदीने संगमनेर तालुक्यातल्या ओझर बंधाऱ्यावर आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत. देवळाली परिसरातल्या शेतकऱ्याने आवर्तनाची, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळीची मागणी लावून धरली की वर तलावाचं पाणी मागे सरकतं. बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्याला धरण काठोकाठ असतं. रब्बीची आवर्तनं झाली की काठ उतरतो. मे महिन्यात पाण्याऐवजी भेगाळलेला गाळ समोर येतो. त्या गाळावर गाडी नेली तर वरचा थर वाळलेला दिसतो, खाली चिखल असतो आणि चाक रुततं. काठाला अगदी लागून गाडी लावण्याचा हट्ट म्हणूनच सोडावा. थोडी उंचावरची, मुरमाड जागा बरी.

तुमचा दिवाळीचा मुहूर्त मात्र चांगला आहे. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा तिथला सर्वांत सोयीचा काळ. धरणात पाणी भरपूर असतं, रस्ते वाळलेले असतात, थंडी सोसवते. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडी पट्ट्यात देवळालीच्या सुमारे दहापट पाऊस पडतो. धबधबे पाहायला तो काळ उत्तम, मोठी गाडी उभी करायला नाही. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजव्यांसाठी गर्दी लोटते. तेव्हा तर घरगाडी नेऊच नये. काजव्याचा नर लुकलुकून मादीला बोलावतो. गाडीचे दिवे, बाहेर लावलेल्या माळा आणि मोबाइलचे टॉर्च त्या बोलावण्यात अडथळा आणतात.

वीज, पाणी आणि संडासाचं काय?

विजेची काळजी वाटते तेवढी मोठी नाही. अमेरिकेत छोट्या घरगाडीला 30 अँपिअरचा खांब लागतो. तिथे विजेचा दाब 120 व्होल्ट, म्हणजे 30 गुणिले 120, एकूण 3,600 वॅट. आपल्याकडे दाब 230 व्होल्ट असतो. घरातला गिझर किंवा एसी ज्यावर चालतो तो 16 अँपिअरचा पॉइंट 3,680 वॅट देतो. म्हणजे अमेरिकेत ज्याला खास खांब लागतो, ते काम आपल्याकडचा एक जाड तारेचा पॉइंट करतो. अट एवढीच की अर्थिंग खरं असावं आणि 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी लावलेला असावा. ओल्या जमिनीवर उघड्या एक्स्टेन्शन बोर्डाने वीज ओढणं जिवावर बेतू शकतं.

पाण्याचं गणितही सोपं. टाकीतलं प्रत्येक लिटर एक किलो वजन वाढवतं, म्हणून घाट चढताना टाकी गच्च भरू नये. वाटेवरच्या राजूरपर्यंत बेताने न्यावं आणि मुक्कामाच्या ठिकाणी भरून घ्यावं. तलावाचं पाणी थेट प्यायला वापरू नये.

खरा प्रश्न संडासाचा आहे. पिण्याच्या पाण्याखेरीज घरगाडीत आणखी दोन टाक्या असतात. एकीत न्हाणीचं आणि भांड्यांचं सांडपाणी जातं, दुसरीत मैला. या टाक्या कुठे रिकाम्या करायच्या, यावरून गाडीवाल्याचं चारित्र्य कळतं. ओढ्यात किंवा कडेच्या झुडपात सोडायचा मोह होतो. पण भंडारदऱ्याच्या काठावर जे सोडाल, ते प्रवरेतच उतरणार. याच नदीवर आणि तिच्या कालव्यांवर खालच्या गावांच्या पाणीयोजना आहेत. वर केलेली घाण खाली आपल्याच पंचक्रोशीच्या घशात यायची.

मैला रिकामा करायचा तो मोठ्या सेप्टिक टँकमध्ये, मालकाला विचारून. त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा. दुर्गंधी मारण्यासाठी मिळणाऱ्या काही द्रावांत फॉर्मल्डिहाइड असतं. ते सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणूच मारतं. जैविक किंवा एन्झाइमवाला द्राव वापरला तर टाकी बिघडत नाही.

गाडी कुठली आणि परवाना कुठला लागेल?

विकत घेण्याच्या फंदात आत्ता पडू नका. पुण्या-मुंबईकडे चालकासह भाड्याने मिळणाऱ्या कॅराव्हॅन आहेत. टेम्पो ट्रॅव्हलरएवढी गाडी पुरे. त्याहून लांब गाडी संगमनेर-अकोले-राजूर रस्त्याने येईल, पण तलावाच्या भोवतीच्या अरुंद वळणांवर समोरून एसटी आली की दोघांचीही पंचाईत होते.

घरची जुनी गाडी गॅरेजमध्ये देऊन पलंग-शेगडी बसवून घ्यावी, असा विचार अनेकांच्या मनात येतो. मोटार वाहन कायदा 1988च्या कलम 52नुसार मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. बदल मंजूर करून नोंदणी प्रमाणपत्रात चढवून घ्यावा लागतो. तसं न करता अपघात झाला तर विम्याचा दावा अडकण्याची शक्यता असते. गाडी खरेदीआधी आरटीओत जाऊन विचारणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

परवान्याचं सोपं आहे. एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तर हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024मध्ये व्यावसायिक वाहनांबाबतही हीच भूमिका कायम केली. जावयाकडे फक्त अमेरिकेचा परवाना असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना सोबत आणायला सांगा. त्याहून बरं म्हणजे स्थानिक चालक ठेवा. घाटात रात्री उजव्या बाजूला बसून गाडी चालवायची सवय एका दिवसात येत नाही.

सरकारचं काही धोरण आहे का?

आहे. महाराष्ट्राने 2021मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्याच वर्षी केरळनेही आणलं. महाराष्ट्राच्या धोरणात गाडी आणि गाडीसाठीचं पार्क अशा दोन्हींचा विचार आहे. पार्क म्हणजे रस्ता, वीज, पाणी आणि स्वच्छतेची सोय असलेली जागा. कागदावर दिशा बरोबर आहे, कारण तळाशिवाय गाडीचा उपयोग नाही हे त्यात ओळखलेलं आहे. प्रत्यक्षात तुम्ही आधी दूरध्वनी करावा. भंडारदऱ्याला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान तलावाच्या काठीच आहे. आवारात गाडी रात्रभर उभी करता येईल का, वीज आणि शौचालय वापरता येईल का, दर काय, हे तिथेच विचारून पक्कं करा. ‘बघू, या’ असं उत्तर मिळालं तर त्याला होकार समजू नका.

नातवंडं बरोबर आहेत. धोके कोणते?

पहिला पाण्याचा. धरणाच्या काठचा उतार सपाट दिसतो आणि अचानक तुटतो. पायाखाली गाळ असतो. धरणाखालच्या नदीत तर आवर्तन सुटलं की पाण्याची चाल बदलते. मे 2024मध्ये अकोले तालुक्यात सुगाव बुद्रुकजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवानांचा मृत्यू झाला. पोहण्यात तरबेज, प्रशिक्षित माणसांना जिथे नदीने जुमानलं नाही, तिथे आपण नातवंडांना ‘गुडघाभर पाण्यात खेळा’ म्हणू नये. नौकाविहार करायचा तर लाइफ जॅकेट बांधूनच. जॅकेट नुसतं गळ्यात अडकवलेलं चालत नाही.

दुसरा बिबट्याचा. हा जिल्हा बिबट्यांना चांगला ओळखतो. संशोधक विद्या अथ्रेय यांनी अकोल्याच्या ऊसपट्ट्यात अभ्यास केला. तिथे 100 चौरस किलोमीटरमागे पाचच्या आसपास बिबटे असल्याचं त्यात आढळलं आणि त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. याचा अर्थ साधा आहे. उरलेलं मटण गाडीबाहेर टाकलं की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येऊ शकतो. खरकटं बंद डब्यात ठेवा. अंधार पडल्यावर मुलांना एकटं बाहेर सोडू नका. रात्री बाहेरच्या संडासाला जायचं असेल तर दोघांनी, बॅटरी लावून जा.

तिसरा धोका गाडीच्या आतला. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली झरोका हवा. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच दगावतो.

मुळा धरणावर जमेल का? की देवळालीतच काही करता येईल?

मुळा धरण 26 टीएमसीचं, बारागाव नांदूरजवळचं. भिंत आणि तिच्या आसपासचा परिसर सुरक्षेचा भाग आहे, तिथे गाडी लावून राहण्याचा विचार नको. दिवसाची सहल करून यावं. मुक्काम भंडारदऱ्यालाच.

दुसरा प्रश्न मात्र तुमच्या पत्रात नसला तरी विचारण्याजोगा आहे. नगर-मनमाड रस्ता राहुरी फॅक्टरीवरून जातो. एका बाजूला शिर्डी, दुसऱ्या बाजूला शनिशिंगणापूर. दोन्हीकडे जाणाऱ्या गाड्यांचा ओघ वर्षभर तुमच्या दारावरून वाहतो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020चं आहे. किमान एक एकर शेती असणाऱ्या शेतकऱ्याला त्याखाली नोंदणीचा विचार करता येतो. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ सल्ल्याला जवळ आहे.

शेतात चार-पाच गाड्यांचा तळ करायचा तर खर्चाची मुख्य बाब पलंग-तंबूंची नसते, ती असते जमिनीची. प्रवरेकाठच्या काळ्या मातीत पाऊस पडला की जमीन फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यावर पाच टनांची गाडी उभी राहिली तर सकाळी ट्रॅक्टर लावून काढावी लागेल. वरची माती काढून मुरूम दाबून घ्यावा, पाण्याला उतार द्यावा. प्रत्येक जागेला 16 अँपिअरचा एक पॉइंट, एक नळ. सगळ्यांना मिळून तीन कप्प्यांचा सेप्टिक टँक आणि स्त्री-पुरुषांची वेगळी न्हाणी. ऊस तळाला लागून असेल तर मध्ये मोकळी पट्टी आणि कुंपण. रात्री दहानंतर डीजे बंद. इतकं केलं तर तलाव नसतानाही लोक थांबतील, कारण प्रवाशाला रात्री जे लागतं ते सगळं इथे मिळेल.

थोडक्यात

दिवाळीच्या सुट्टीत गर्दी टळावी म्हणून सोमवार ते गुरुवारच्या मधल्या दोन रात्री निवडा. चालकासह छोटी कॅराव्हॅन भाड्याने घ्या. कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने उजेड असतानाच शेंडीला पोचा. मुक्कामाची जागा आधी ठरलेली आणि परवानगी असलेली असू द्या. दिवसा रंधा धबधबा आणि रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर छोट्या जीपने पाहा, मोठी गाडी जागेवरून हलवू नका. कचरा पिशवीत भरून परत आणा. नातवंडांना जाताना एक गोष्ट जरूर दाखवा. हेच पाणी खाली कालव्यातून आजोबांच्या गावाला येतं. मुक्काम आवडला तर गाडी विकत घेण्याआधी एक एकर मुरमाड जागा शोधा. आपल्या भागात आज गाड्यांपेक्षा तळांची गरज जास्त आहे.